पेटीतला अनुक्रमांक तेवीस

वामनरावांना कोणीही अडवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निवृत्त माणसाने बायकोच्या मागे राहिलेली खेळण्यांची पेटी उचलावी, चार पाळणाघरांत न्यावी, घटकाभर पोरांना खेळवावं आणि संध्याकाळी घरी येऊन आमटी-भात खावा, याला कुठल्याही कायद्याची हरकत नव्हती. पण वामनराव एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. विनापरवाना काही करायचं म्हटलं की त्यांचा हात आपोआप अर्जाच्या कागदाकडे जायचा. म्हणून ते स्वतःच्या पायांनी एका समाजकल्याण कार्यालयात चालत गेले आणि आपल्याला अडवावं अशी जवळजवळ विनंतीच करून आले.

पेटी नंदिनीबाईंची. गिरगावातल्या एका शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं शिशुवर्ग सांभाळला. निवृत्तीनंतर दोघं वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरली ती ही पत्र्याची हिरवी पेटी. आत हातात घालून नाचवायच्या कापडी बाहुल्या, लाकडी ठोकळे, चिंचोक्यांचे खुळखुळे, सगळं त्यांनी स्वतः केलेलं. वाशीत येऊन महिना झाला नाही तोच त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. इथे नवरा-बायको दोघं नोकरीला जाणार, आसपासच्या गावांत आया खाडीवर नाहीतर मजुरीला जाणार. पोरं सांभाळणाऱ्या बाया पोरांना जेवू घालतात, निजवतात आणि उरलेला वेळ भिंतीला टेकवून बसवतात. त्यांना तरी दहा कामांत दुसरं काय सुचणार. तर अशा बायांकडे आपणच जायचं, पेटी घेऊन, आठवड्यातून एकदा. हे त्यांनी जेवताना सांगितलं. वामनरावांनी ताकाचा भुरका मारला आणि विचारलं, "हे कुठल्या नियमाखाली बसतं?"

नंदिनीबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढे दर गुरुवारी दुपारी त्या महिला मंडळात जायला लागल्या. वामनरावांच्या रोजनिशीत तशी नोंदच आहे: गुरुवार, सौ. महिला मंडळात, परत साडेपाच. अशा नोंदी चौदा महिने आहेत. जाताना खांद्याला फुगलेली कापडी पिशवी असायची. भजनाची पुस्तकं एवढी जाड कशी, असा प्रश्न वामनरावांना एकदोनदा पडला, पण तो त्यांच्या टेबलचा विषय नव्हता.

ब्याऐंशीच्या श्रावणात नंदिनीबाईंना कावीळ झाली आणि बारा दिवसांत सगळं आटोपलं. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी इस्पितळात त्यांनी डोळे उघडून म्हटलं, "गुरुवार चुकला हो." वामनरावांना वाटलं, दत्ताच्या उपासाचं म्हणतायत. त्यांनी समजूत घातली की आजाऱ्याला उपास माफ असतो. नंदिनीबाईंनी मान हलवली आणि एवढंच म्हणाल्या, "पेटी मुलांकडे पोचवा." पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला दिलेला हा पहिला लेखी नाही पण स्पष्ट आदेश. त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर वामनराव रडले नाहीत, अशी सोसायटीत चर्चा होती. चर्चा खरी होती. त्यांना रडायचं कुठे आणि किती वेळ, हेच कळलं नाही. त्यांचं दुःख फार बारीकसारीक ठिकाणी होतं. रोज रात्री झोपायच्या आधी ते दाराची कडी दोनदा तपासायचे, मग गॅस, मग मोरीचा नळ. नंदिनीबाईंना झोपेत पांघरूण लाथाडायची सवय होती आणि डास नेमके तळव्यांना चावायचे. तेव्हा फेरी संपवून येताना वामनराव ते पांघरूण त्यांच्या पायांवर ओढून द्यायचे. हे ते गिरगावात असल्यापासून करत होते आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला असता तर त्यांना भारी संकोच वाटला असता. आता कडी व्हायची, गॅस व्हायचा, नळ व्हायचा, आणि पलंगापाशी आल्यावर हाताला काही काम उरायचं नाही.

तर परवानगी. कार्यालयातले साहेब तरुण आणि भले होते. ते म्हणाले, काका, खुशाल जा, कोण विचारतंय. वामनरावांना हे उत्तर अतिशय बेजबाबदार वाटलं. उद्या कोणी विचारलंच तर? त्यांनी लेखी आदेश मागितला. साहेबांच्या हाताखालच्या कारकुनाला असा आदेश कसा लिहितात ते माहीत नव्हतं, म्हणून वामनरावांनी तिथेच बाकावर बसून मसुदा स्वतः लिहून दिला. आणि हात एकदा मसुद्याला लागला की तो थांबतो थोडाच. नाव पडलं, 'फिरते बालविकास पथक'. अट पहिली, पथकाला स्वतंत्र वाहन असावे. अट दुसरी, साहित्याची अनुक्रमांकासह नोंदवही असावी. अट तिसरी, तीन महिन्यांत दहा भेटी व्हाव्यात आणि प्रत्येक भेटीस मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीची सही वा अंगठा घ्यावा. आणि अट चौथी, असे न झाल्यास परवानगी रद्द समजून सर्व साहित्य कार्यालयाच्या भांडारात जमा करावे.

चौथी अट कोणी मागितली नव्हती. शिक्षा नसेल तर नियम लंगडा वाटतो, म्हणून वामनरावांनी ती शेवटी सवयीने घातली. साहेबांनी न वाचता सही केली. घरी येऊन आदेश दुसऱ्यांदा वाचताना वामनरावांच्या लक्षात आलं की बायकोची शेवटची इच्छा आपण आपल्याच हस्ताक्षरात भांडाराच्या दारापर्यंत आणून ठेवली आहे. ती भांडारं त्यांनी एकतीस वर्षं पाहिली होती. आत गेलेली वस्तू उंदराला सापडते, माणसाला नाही.

मग पेटी उघडून नोंदवही करायला घेतली. एकेचाळीस वस्तू निघाल्या. हत्ती, कापडी, एक. म्हातारी, कापडी, नाकात नथ, एक. तेविसाव्या वस्तूपाशी ते जरा थांबले. करड्या कोटाच्या कापडाचा एक पुरुष बाहुला होता. तारेचा चष्मा, कानामागे काडीची पेन्सिल, तोंड दुर्मुखलेलं. कापड कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. पण वाटण्याला नोंदवहीत रकाना नसतो. त्यांनी आपल्या कानामागची पेन्सिल काढली आणि लिहिलं: अनुक्रमांक तेवीस, पुरुष बाहुला, एक. ओळख पटली नाही.

वाहनाचा प्रश्न रावसाहेबांनी हातात घेतला. रावसाहेब म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले शेजारी, मूळचे कऱ्हाडकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धरणाच्या कामावर आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट लहान प्रमाणात करायची असते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी आधी ट्रॅक्टर सुचवला, मग ट्रॅक्टरला ट्रॉली सुचवली, मग ट्रॉलीत मंडप. शेवटी त्यांच्याच ओळखीने हिरामण नावाच्या ड्रायव्हरची जुनी पांढरी गाडी ठरली. ती कुठल्याशा खात्याच्या लिलावातून त्याने उचलली होती. दिसायला भारदस्त, मागे दोन दारं, एकदम सरकारी रुबाब. वामनराव बघताक्षणी खूश झाले. लिलावाच्या आधी ही गाडी काय करत होती, हे त्यांनी विचारलं नाही. आणि पहाटे ही गाडी काय करते तेही विचारलं नाही.

पहाटे हिरामण त्या गाडीतून सुका जवळा आणि बोंबील बाजारात पोचवायचा. तो माणूस सरळ होता, लपवत काही नव्हता, फक्त विचारल्याशिवाय सांगत नव्हता. पहिल्या भेटीला गाडी निघाली आणि सेक्टरच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागे चार मांजरं लागली. अरुणाताईंच्या पाळणाघरापाशी पोचली तेव्हा सात झाली होती.

अरुणाताई आपल्या दोन खोल्यांत चौदा मुलं सांभाळायच्या. वामनराव पोचले दुपारी दोनला, कारण त्यांनी स्वतः वहीत भेटीची वेळ दोनची लिहिली होती. मोठ्या कष्टाने चौदाही मुलं तेव्हा नुकती झोपली होती. वामनरावांनी दारातच खाकरून पथकाचं नाव मोठ्याने सांगितलं. पहिलं मूल उठलं ते रडत, त्याचं ऐकून दुसरं, आणि पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरून माणूस चौकशीला आला. वामनरावांनी न डगमगता नोंदवही उघडली, प्रत्येक मुलाच्या हातात अनुक्रमांकाने एक वस्तू दिली आणि घड्याळ लावून बारा मिनिटांनी परत मागितली. कोणीही दिली नाही. हिसकावून घ्यावी लागली. त्यातून सगळ्या बाहुल्यांना जवळ्याचा वास लागलेला, आणि निम्मी मुलं कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरांतली. संध्याकाळी एका आईने अरुणाताईंना विचारलं की आमच्या मुलाला तुम्ही काय खायला घातलंत. तरी त्या बाईंनी सही केली. पण दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, वस्तू नुसती हातात देऊन मुलं खेळत नाहीत. तिला बोलतं करावं लागतं."

हे शब्द वामनरावांना लागले, कारण ते खरे होते. पुढच्या भेटीत त्यांनी हत्ती हातात घातला आणि वीस मुलांसमोर उभे राहिले. मुलं वाट बघत राहिली. हत्ती काही बोलेना. वामनरावांनी घसा साफ केला, हत्तीची मान हलवली, आणि त्यांच्या तोंडून आलं, "मी हत्ती. वर्ग, सस्तन." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी वामनरावांच्या मनात आलं की नंदिनीचा हत्ती कसा बोलायचा हे आपल्याला ठाऊक नाही. अठ्ठावीस वर्षांत ते एकदाही तिच्या वर्गात गेले नव्हते. शाळा घरापासून सात मिनिटांवर होती, आणि त्यांचं ऑफिस सुटायचं तिच्यानंतर, हे खरं, पण शनिवार तर अर्धा असायचा. अठ्ठावीस वर्षांत शनिवार किती होतात हे त्यांनी हत्ती हातात असतानाच मनातल्या मनात मोजलं. हत्ती काढून त्यांनी पेटीत ठेवला.

असल्या नऊ भेटी झाल्या. एकदा पोरांनी ठोकळे गच्चीच्या टाकीत टाकले. एकदा रावसाहेब मदतीला आले आणि त्यांनी मुलांना धरणाचे दरवाजे कसे उघडतात ते समजावलं; त्या दिवशी चार मुलं चड्डीत ओली झाली. कुठेच मूल हसलं नाही. पण सह्या नऊ झाल्या. दहावी भेट करावे गावात, तिथली पोरं सांभाळणाऱ्या गिरजाबाईंकडे ठरली, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. वार गुरुवार होता, पण तो केवळ मुदत संपत होती म्हणून. हा अंगठा मिळाला की परवानगी कायम, पेटी वाचली. नाही मिळाला तर शुक्रवारी सकाळी पेटी भांडारात. वामनराव रात्रभर झोपले नव्हते, कारण चौथ्या अटीतून पळवाट काढायचा त्यांनी खूप प्रयत्न केला होता आणि मसुदा त्यांचाच असल्यामुळे त्यात एकही सापडली नव्हती.

करावे म्हणजे खाडीच्या कडेचं जुनं गाव. गाडी वेशीतून आत शिरली आणि बघता बघता रस्ता रिकामा झाला. जाळी विणत बसलेले बाप्ये जाळी टाकून उठले आणि चिपीच्या, म्हणजे तिवरांच्या झाडीत, चिखलात, गुडघाभर पाण्यात शिरले. बायांनी पोरं उचलली आणि दारं लावली. वामनराव खाली उतरले, तेव्हा स्वागताला एक कोंबडी होती. त्यांनी हिरामणला विचारलं, आज गावात काही आहे का. हिरामणने गाडीच्या बाजूकडे बोट दाखवलं. त्याने लावलेला स्वस्तातला पांढरा रंग मांजरांनी नखं घासघासून उतरवला होता, आणि खालून भला मोठा लाल त्रिकोण वर आला होता.

आता हा त्रिकोण कसला, हे त्या काळात कोणाला सांगावं लागत नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी, आणीबाणीत, असली गाडी गावात आली की पुरुषांना धरून नेत आणि नसबंदीचं ऑपरेशन करूनच सोडत. वामनरावांच्या भारदस्त गाडीने आयुष्यभर हेच काम केलं होतं. आणि तिच्यातून उतरला होता चष्मा लावलेला, बगलेत वही आणि हातात शाईचं पॅड घेतलेला माणूस.

एकच दार उघडं होतं. पडवीत गिरजाबाई उभ्या होत्या, साठीच्या, ताठ, हातात मासळी कापायची विळी. त्यांच्या मागे टोपल्यांच्या आडून पोरांचे डोळे दिसत होते. वामनरावांनी लांबूनच सगळा खुलासा केला, गाडीचा, पेटीचा, पथकाचा, आदेशाचा; बायकोचं नाव आदेशात नव्हतं, म्हणून ते आलं नाही. गिरजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. विळी खाली ठेवली. पण वही उघडून वामनरावांनी अंगठ्याची जागा दाखवली, तशी त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"खेलवा पोरांना," त्या म्हणाल्या. "पन अंगठा नाय मिलनार. मालकानं एकदा दिला कागदावर, सरकारनं जमिनी घेतल्या त्या टायमाला. वाचून कोनी दाखवला नाय. आता या घरातनं अंगठा जात नाय."

वामनरावांनी वाचून दाखवतो म्हटलं. त्यांनी खरोखर वाचूनही दाखवलं, चारही अटींसकट. चौथी अट त्यांनी जरा घाईने वाचली. गिरजाबाई म्हणाल्या, एवढी वाईट अट कोनी लिवली? वामनरावांनी आदेशाची घडी घालून खिशात टाकली. त्यांनी वही पडवीच्या कठड्यावर ठेवली, कानामागे पेन्सिल खोचली आणि पेटीवर बसकण मारली. हरल्यासारखं बसणं काय असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. ज्या बाईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तिची ती एक गोष्टसुद्धा आपल्याच्याने झाली नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात टोपलीआडून एक पाचेक वर्षांची मुलगी बाहेर आली. तिचं नाव पुतळा. ती वामनरावांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, त्यांच्या चष्म्याकडे, कानामागच्या पेन्सिलीकडे, दुर्मुखलेल्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "यो तर कडीवाला हाय."

टोपल्यांमागून बारा-तेरा पोरं धावत बाहेर आली आणि वामनरावांभोवती उभी राहून खदाखदा हसायला लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा पथकापुढे कोणी हसत होतं. वामनरावांना अर्थातच अपमान वाटला. ते उठले, तशी पुतळाने पेटीचं झाकण उघडलं, भराभर आत हात घातला आणि नेमका तेविसावा बाहुला काढून त्यांच्या तोंडाशेजारी धरला. करडा कोट, चष्मा, पेन्सिल. वामनरावांचा अगदी त्याच कापडाचा कोट गिरगावातून येताना हरवला होता. बोहारणीने लांबवला, असं वामनराव आजवर समजत होते.

गिरजाबाई एकदा बाहुल्याकडे आणि एकदा वामनरावांकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम बदलला.

"म्हंजी तुमी आमच्या बाईंचे मालक? अवो, बाई कुठं हाईत? सा महिने झाले. दर गुरवारी ही पोरा बसच्या वाटंकडं डोले लावून बसत्यात."

वामनरावांना काही क्षण कळेचना. मग कळलं, आणि एकदम सगळंच कळलं. चौदा महिन्यांचे गुरुवार, फुगलेली पिशवी, इस्पितळातला तो शब्द. ते पुन्हा पेटीच्या कडेवर बसले.

"ती गेली," ते म्हणाले. "श्रावणात गेली. मला माहीत नव्हतं तुम्हाला कळवायचं असतं."

गिरजाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. वामनराव त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्या बायकोसाठी असं मोकळेपणी रडणारं माणूस त्यांनी अजून पाहिलं नव्हतं, आणि त्यांना त्या बाईचा हेवा वाटला. मग गिरजाबाईंनीच सांगितलं. बाई एका पिशवीत मावतील तेवढ्या बाहुल्या घेऊन बसने यायच्या. कधी वही आणली नाही, कधी सही मागितली नाही. एकदा गिरजाबाईंनी विचारलं होतं, घरी ठाऊक हाय का. तर बाई हसून म्हणाल्या होत्या, सांगेन कधीतरी. आधी त्यांना नियम सापडू दे.

पोरांना यातलं काही नको होतं. पुतळाने बाहुला वामनरावांच्या हातात कोंबला आणि हुकूम सोडला, कर. वामनराव म्हणाले, मला येत नाही. तुमचा हा कडीवाला काय करतो, तेच मला माहीत नाही. मग सगळी पोरं एकदम सांगायला लागली. तो सगल्यांना विचारतो, अर्ज आनला का. माकडाला विचारतो, केळा खायाचा अर्ज आनला का. हत्तीला सांगतो, सोंड दोन इंच लांब हाय, कापा. पोरं सांगत होती आणि हसत होती. रात झाली का तो दाराची कडी बघतो, मग परत बघतो, मग चूल, मग पान्याचा हंडा. एका पोराने कडी दोनदा हलवून बघायची नक्कल केली, आणि ती इतकी हुबेहूब होती की वामनरावांचे कान तापले. एकूण पस्तीस वर्षं ही बाई समोर बसून काय काय टिपत होती, आणि त्याचं भर गावात प्रदर्शन करत होती तर.

"आनि मग?" गिरजाबाईंनीच पोरांना विचारलं. त्यांना पुढचं माहीत होतं.

पोरं मांडी घालून बसली. पुतळाने बाहुला परत आपल्या हातात घातला. नथवाली म्हातारी तिने पडवीत आडवी निजवली, तिच्या अंगावर एक फडकं टाकलं आणि पायाकडून ते सरकवलं. मग कडीवाला हळूहळू चालत आला. इकडे तिकडे बघितलं. वाकला, आणि फडकं ओढून म्हातारीच्या पायांवर नीट घातलं.

"ती जागी असते," पुतळा कुजबुजत म्हणाली. "डोले मिटून पडते. पन सांगत नाय. सांगितला तर तो लाजंल, मंग घालनार नाय."

वामनराव रडले. करावे गावात, भर दुपारी, एका परक्या पडवीत, तेरा पोरं, एक कोंबडी आणि हिरामण ड्रायव्हर यांच्यासमोर. किती वेळ रडायचं हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना ते पांघरूण आठवत होतं, आणि अंधारात डोळे मिटून पडलेला तिचा चेहरा. एवढी वर्षं ती रोज जागी होती. रोज वाट बघत होती.

थोड्या वेळाने गिरजाबाई उठल्या. त्यांनी कठड्यावरची वही उचलून आणली, शाईचं पॅड समोर ठेवलं आणि पदराखालचा हात बाहेर काढला. अंगठा त्यांनी लुगड्याला दोनदा पुसला. "बाईंसाठी देते," त्या म्हणाल्या. "दावा कुठं ते." अंगठा पॅडच्या जरा वर येऊन अडला. वामनरावांनी तो पाहिला, आणि पॅडचं झाकण लावलं. म्हणाले, राहू द्या, तिने कधी मागितला नव्हता.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या सेवापुस्तकात बसणारं नव्हतं. मुदत संपली होती, परवानगी गेली होती, आणि चौथ्या अटीप्रमाणे साहित्य भांडारात जायला हवं होतं. त्यांनी ती पेटी गिरजाबाईंच्या पडवीत ठेवून दिली. पोच घेतली नाही, पावती मागितली नाही. दर गुरुवारी बसने येतो, एवढंच बोलले. हत्तीचं मला जमणार नाही, पण तो एक कडीवाला शिकवलात तर करीन. पुतळा म्हणाली, शिकवीन, पन आधी अर्ज आना.

जाता जाता हे सांगायला हवं की कार्यालयाने पेटीची चौकशी कधीच केली नाही. साहेबांची केव्हाच बदली झाली होती, आणि आदेशाची त्यांच्याकडची प्रत कोणाला सापडली नाही. हिरामणने त्या बाजूला निळा रंग दिला. मांजरं अजून मागे लागतात.

त्या संध्याकाळी वामनराव घरी आले. रावसाहेबांनी समोरून विचारलं, झाली का दहावी भेट. वामनराव म्हणाले, नाही. दार लावून त्यांनी कडी घातली आणि टेबलाशी बसून नोंदवही उघडली. तेविसाव्या ओळीवर आले. पुरुष बाहुला, एक. ओळख पटली नाही. त्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि 'नाही' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला. खाडाखोड केली की शेजारी सही आणि तारीख घालावी लागते, म्हणून त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि वार लिहायची काही गरज नसताना पुढे गुरुवार असं लिहिलं.